विश्लेषण : मेंदूच्या शस्त्रक्रियेत तोंड वाकडे झाले, दोष मेंदूचा की सुन्न करण्याच्या इंजेक्शनचा?

महिनाभरापूर्वी आजोबा न्हाणीघरात घसरतात. डोक्याला किरकोळ मार लागतो, टेंगूळ येते, जाते. मग तीन-चार आठवड्यांनी ते अडखळत बोलू लागतात, एका बाजूचा पाय ओढू लागतात. सीटी स्कॅनमध्ये कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये जुने रक्त साचलेले दिसते. ‘कवटीला दोन छिद्रे पाडून रक्त काढू. पूर्ण भूल नाही, तेवढाच भाग सुन्न करू,’ असे डॉक्टर सांगतात आणि नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. लोकल म्हणजे धोका नाही, असा आपल्याकडे पक्का समज आहे. बहुतेक वेळा तो खराही ठरतो. पण या इंजेक्शनचे काही दुष्परिणाम फसवे असतात. ते हुबेहूब मेंदूला इजा झाल्यासारखे दिसतात आणि ते ओळखण्यात चूक झाली, तर उपचारांची दिशाच बदलते.

मेंदूवर शस्त्रक्रिया आणि रुग्ण जागा, हे शक्य कसे?

मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. वेदना जाणवते ती डोक्याच्या त्वचेला, कवटीवरच्या पातळ आवरणाला आणि मेंदूभोवतीच्या जाड पडद्याला. त्वचेची जाणीव वाहून नेणाऱ्या नसा प्रत्येक बाजूला प्रामुख्याने सहा. दोन भुवईच्या वर, एक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याजवळ, एक कानापुढे आणि दोन मानेच्या वरच्या भागात, डोक्याच्या मागे. या नसांपाशी औषध दिले की डोके सुन्न होते. याला स्काल्प ब्लॉक म्हणतात.

बोलणे किंवा हात हलवणे सांभाळणाऱ्या भागाजवळ गाठ असेल, तर रुग्णाला जागे ठेवून, त्याच्याशी बोलत ती काढतात. कॅनडातील माँट्रियल येथे वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३०च्या दशकात ही पद्धत नावारूपाला आणली. भारतातही ती आता नवलाची राहिलेली नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील न्यूरोसर्जननी आपला अनुभव वैद्यकीय नियतकालिकांत मांडला आहे. बेंगळूरुमध्ये २०१७ मध्ये बोटे आखडण्याच्या विकारावरील शस्त्रक्रियेदरम्यान रुग्णाने गिटार वाजवली, तर गुंटूरमध्ये २०२० मध्ये रुग्णाने टेबलावर पडल्या पडल्या ‘अवतार’ हा चित्रपट पाहिला. दिल्लीच्या एम्समध्ये जानेवारी २०२४ मध्ये पाच वर्षांच्या मुलीची गाठ तिला जागे ठेवून काढण्यात आली. अशा बातम्यांत गिटार दिसते, स्तोत्र म्हणणारा रुग्ण दिसतो. उशाशी उभा राहून औषधाचे मिलिग्रॅम मोजणारा भूलतज्ज्ञ मात्र चित्रफितीत सहसा नसतो.

जालन्याशी याचा संबंध काय?

गिटारवाल्या शस्त्रक्रियेसाठी जालन्याचा रुग्ण मोठ्या शहरातच जाणार. पण साचलेले रक्त छिद्र पाडून काढणे, डोक्याची मोठी जखम शिवणे किंवा तातडीने नळी बसवणे या गोष्टी छोट्या शहरांतही होतात आणि त्यात स्थानिक भुलीचा वापर नेहमीचा आहे. वयोवृद्धांची संख्या वाढते आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे वाढत आहेत. दुचाकीवरून पडणारे तर रोजचेच. आजवर डोक्याला मार लागलेला रुग्ण म्हटला की जालन्याहून सुमारे ६० किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरचा रस्ता, बहुधा घाटी रुग्णालय, हे ठरलेले. आता चित्र बदलण्याची शक्यता आहे. राज्यातील ज्या १० नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले, त्यात जालन्याचेही आहे. महाविद्यालय आले की त्याच्या रुग्णालयाकडून शल्य आणि भूल विभागांची अपेक्षा वाढते. म्हणूनच ‘नुसती लोकल’ हा शब्दप्रयोग इथे आत्ताच तपासून घेण्याजोगा आहे.

किती इंजेक्शन म्हणजे जास्त?

इथे थोडे गणित करावे लागेल, पण ते शाळेतलेच आहे. सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे लिग्नोकेन. स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी ते १९४३ मध्ये तयार केले. दातांच्या दवाखान्यात आपल्याला टोचतात तेच. २ टक्के लिग्नोकेन म्हणजे १ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. म्हणजे ३० मिलिलिटरच्या कुपीत ६०० मिलिग्रॅम औषध असते.

समजा, घनसावंगी तालुक्यातील एका आजीचे वजन ४५ किलो आहे. साध्या लिग्नोकेनची कमाल मर्यादा किलोमागे साधारण ४.५ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे आजींसाठी सुमारे २०० मिलिग्रॅम, अर्थात १० मिलिलिटर. कुपीचा जेमतेम तिसरा हिस्सा! त्यात अ‍ॅड्रेनलिन मिसळलेले असेल, तर औषध रक्तात हळू उतरते, म्हणून मर्यादा किलोमागे ७ मिलिग्रॅमपर्यंत जाते. तरीही आकडा साधारण १५ मिलिलिटरवर थांबतो. दोन छिद्रांसाठी दोन ठिकाणी पाच-पाच, सहा-सहा मिलिलिटर गेले आणि मध्येच दुखले म्हणून आणखी थोडे दिले, की साध्या औषधाची मर्यादा ओलांडलीच. इथे कोणी निष्काळजी असावे लागत नाही. ८० किलोच्या माणसाला सहज चालणारी मात्रा ४५ किलोच्या म्हातारीला जड जाते, इतकेच. उतारवयात, यकृत किंवा हृदय कमजोर असेल तर ही मर्यादा आणखी खाली आणतात. उपाय साधा आहे. औषध पातळ करून १ टक्क्याचे वापरले, तर तेवढ्याच मिलिग्रॅममध्ये दुप्पट जागा सुन्न करता येते.

जास्त वेळ टिकणारे बुपिव्हाकेन यापेक्षा तिखट. त्याची मर्यादा किलोमागे साधारण २ मिलिग्रॅम. दोन्ही औषधे एकत्र दिली, तर दोघांच्या मर्यादा वेगवेगळ्या मोजून चालत नाही, कारण विषारीपणाची बेरीज होते.

डोक्याची त्वचा यात आणखी भर घालते. तिथे रक्तवाहिन्यांचे जाळे दाट असते. डोके फुटले की केवढे रक्त वाहते, हे कुणाला सांगायला नको. टोचलेले औषध त्याच वाटेने रक्तात शिरते. स्काल्प ब्लॉकनंतर साधारण पाव तासात रक्तातील औषधाचे प्रमाण सर्वाधिक होते, असे अभ्यासांत दिसले आहे. नीट मोजून दिलेल्या मात्रेत बहुतेक रुग्णांना त्याने काही होत नाही. पण कानापुढच्या आणि डोक्यामागच्या नसांना अगदी खेटून धमन्या जातात. सुई चुकून धमनीत शिरली आणि जोराने औषध ढकलले गेले, तर ते उलट्या दिशेने थेट मेंदूकडे जाऊ शकते. मग मात्रा मर्यादेत असूनही काही क्षणांत झटका येतो. सुई टोचल्यावर आधी दट्ट्या मागे ओढून रक्त येते का पाहायचे आणि औषध थांबत थांबत द्यायचे, हा नियम त्यासाठीच.

झटका आला, पण कशामुळे?

औषध रक्तात जास्त झाले की पहिल्या खुणा बारीक असतात. ओठांभोवती मुंग्या, जिभेवर धातूची चव, कानात गुणगुण, गरगरणे, जड जीभ. पुढे स्नायू फडफडतात, झटका येतो, शुद्ध हरपते. शेवटी हृदयाची लय बिघडते. हा क्रम प्रत्येक वेळी पाळला जातोच असे नाही. काही रुग्णांत थेट हृदयच अडखळते.

आता अडचण पाहा. ज्याच्या मेंदूत गाठ किंवा साचलेले रक्त आहे, त्याला झटका येण्याचे कारण आधीच हजर असते. जागेपणीच्या शस्त्रक्रियेत बोलण्याचा भाग शोधण्यासाठी मेंदूला सौम्य विद्युतप्रवाह देतात, त्यानेही झटका येतो. तेव्हा मेंदूच्या पृष्ठभागावर थंडगार सलाइन टाकून तो थांबवतात. जीभ जड होणे ही औषधाची खूण, तशीच डाव्या मेंदूवरच्या दाबाचीही. कवटी उघडण्याआधी, इंजेक्शननंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात असे काही झाले, तर संशय प्रथम औषधावर घ्यायचा, हा यातला धडा.

रुग्ण शांत राहावा म्हणून गुंगीचे औषधही दिलेले असते. गुंगीतला माणूस ‘कानात आवाज येतोय’ हे सांगणार कसे? शिवाय गुंगी जास्त झाली की श्वास मंदावतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि त्या अवस्थेत सुन्न करणाऱ्या औषधाचा मेंदूवरचा मारा वाढतो. म्हणजे रुग्णाला आराम मिळावा म्हणून दिलेली गुंगी इथे दुहेरी नडते. ‘लोकल आहे, भूलतज्ज्ञ कशाला?’ हा प्रश्न म्हणूनच चुकीचा. अशा वेळी बोलावण्याची सर्वांत जास्त गरज त्यांचीच असते.

रक्तदाब वाढायला हवा, तो घसरतो का?

अ‍ॅड्रेनलिन म्हटले की रक्तदाब वाढणार, हे वैद्यकीय विद्यार्थी पहिल्यांदा शिकतो. डोक्याच्या त्वचेत रक्तस्राव कमी व्हावा म्हणून ते लिग्नोकेनमध्ये मिसळतात, १ मिलिलिटरमध्ये अवघे ५ मायक्रोग्रॅम. पूर्ण भुलीखाली असलेल्या मेंदूच्या रुग्णांत हे मिश्रण टोचल्यावर पहिल्या काही मिनिटांत रक्तदाब उलट खाली गेल्याचे चिनी भूलतज्ज्ञांनी नोंदवले.

अ‍ॅड्रेनलिनला शरीरात दोन प्रकारची कुलपे उघडता येतात. एक रक्तवाहिन्या आवळते, दुसरे स्नायूंतल्या रक्तवाहिन्या सैल करते. मोठ्या मात्रेत आवळणे जिंकते. त्वचेतून झिरपणाऱ्या चिमूटभर मात्रेत सैल करणारे कुलूप आधी उघडते आणि दाब पडतो. बहुधा दोन-चार मिनिटांत तो आपोआप सावरतो. पण मेंदूला सूज असेल, तर रक्तपुरवठ्यासाठी दाबाचा आधार लागतो आणि तेवढी मिनिटेही महागात पडू शकतात. शिवाय कारण माहीत नसलेला डॉक्टर दाब वाढवणारे जोरकस औषध देतो, तोवर मूळ घसरण ओसरलेली असते आणि दाब गरजेपेक्षा वर उसळतो.

तोंड वाकडे होते तेव्हा

नातेवाइकांना सर्वाधिक धडकी भरवणारा प्रकार हाच. शस्त्रक्रियेदरम्यान किंवा नंतर रुग्ण हसतो तेव्हा ओठ एका बाजूला ओढले जातात. एक डोळा मिटत नाही. ‘ऑपरेशनने लकवा मारला,’ असे घरचे म्हणू लागतात.

कानापुढची नस सुन्न करताना सुई थोडी खोल किंवा खाली गेली, तर औषध शेजारच्या चेहऱ्याच्या नसेपर्यंत पसरते. जागेपणी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत असा तात्पुरता लकवा आल्याच्या नोंदी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. औषधाचा अंमल उतरला की चेहरा पूर्ववत होतो. लिग्नोकेन असेल तर दोन-तीन तासांत, बुपिव्हाकेन असेल तर त्याहून बराच वेळ लागतो.

फरक ओळखण्याची एक जुनी खूण आहे. रुग्णाला भुवया वर करायला सांगा. चेहऱ्याची नस सुन्न झाली असेल, तर त्या बाजूला कपाळावर आठ्याही पडत नाहीत आणि डोळाही मिटत नाही. हातापायाची ताकद आणि बोलणे मात्र शाबूत असते. मेंदूतून आलेल्या लकव्यात कपाळ बहुधा वाचते आणि सोबत हात किंवा वाचा गेलेली असते. अर्थात ही खूण डॉक्टरांनी तपासायची. कपाळावर टोचलेल्या इंजेक्शनने भुवई आधीच जड झालेली असू शकते, त्यामुळे शंका असेल तर सीटी स्कॅनला पर्याय नाही. पण आधी इंजेक्शन कुठे दिले याची नोंद पाहिली, तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. डोळा मिटत नसेल तोवर त्यात थेंब घालून तो झाकून ठेवणे एवढी काळजी लागते.

भुवईवरच्या इंजेक्शनने पापणी सुजून डोळा बंद झाल्यासारखा दिसणे हा आणखी सामान्य प्रकार. तो निरुपद्रवी.

कवटीत आधीच भगदाड असेल तर

हा दुर्मीळ, पण सर्वांत भयंकर प्रसंग. आधीच्या शस्त्रक्रियेत हाड काढलेले असेल, तर त्वचेखाली कवटीची ढाल नसते. तिथे नेहमीच्या सवयीने सुई खोल गेली, तर औषध मेंदूभोवतीच्या पाण्यात उतरते. जपानमध्ये डोक्यामागचे हाड नसलेल्या एका रुग्णाला मानेजवळच्या नसेसाठी इंजेक्शन दिल्यावर तो अचानक बेशुद्ध झाल्याची नोंद २००० मध्ये प्रसिद्ध झाली. श्वास थांबतो, रक्तदाब कोसळतो, बाहुल्या विस्फारू शकतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, मेंदू दाबाखाली चेपला गेला, आता आशा नाही. प्रत्यक्षात श्वास आणि रक्तदाब कृत्रिमरीत्या सांभाळला, तर औषध उतरल्यावर रुग्ण जागा होऊ शकतो. धीर सोडायचा की तासभर हातांनी श्वास देत राहायचे, हे त्या क्षणी केलेल्या निदानावर ठरते.

उतारा सोयाबीनच्या तेलात

बुपिव्हाकेनने थांबलेले हृदय पुन्हा सुरू करणे फार अवघड, असा इशारा अमेरिकी भूलतज्ज्ञ जॉर्ज अल्ब्राइट यांनी १९७९ मध्ये दिला होता. पुढे रोपिव्हाकेनसारखी तुलनेने सौम्य औषधे आली, पण उतारा सापडला तो वेगळ्याच ठिकाणी. तोंडाने अन्न न जाणाऱ्या रुग्णांना शिरेतून देतात ते दुधासारखे पांढरे स्निग्ध द्रावण, म्हणजे २० टक्के लिपिड इमल्शन. गाय वाइनबर्ग यांनी १९९८ मध्ये उंदरांवर त्याचा परिणाम दाखवला. २००६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हृदय थांबलेला रुग्ण त्याने वाचल्याची पहिली नोंद झाली. त्याचा मुख्य घटक सोयाबीनचे तेल. जे पीक मराठवाड्यातल्या शिवारात दर खरिपात उभे असते, त्याचेच.

चरबीचे कण रक्तातले औषध शोषून हृदय आणि मेंदूपासून दूर नेतात, असे ढोबळमानाने म्हणता येईल. सुरुवातीची मात्रा किलोमागे दीड मिलिलिटर, म्हणजे आपल्या ४५ किलोच्या आजींना साधारण ७० मिलिलिटर, मग थेंबाथेंबाने पुढे. सोबत प्राणवायू, झटक्यावर औषध आणि गरज पडल्यास छातीवर दाब हे चालूच ठेवायचे. गुंगीसाठी वापरले जाणारे प्रोपोफोलही असेच पांढरे दिसते. पण ते याला पर्याय नाही. त्यातली चरबी पुरेशी नसते आणि ते रक्तदाब आणखी पाडते. लिपिड इमल्शन शस्त्रक्रियागृहाच्या कपाटात असायला हवे. औषध भांडारात, कुलपात, रात्री किल्लीवाला नसताना, त्याचा उपयोग शून्य.

सहीच्या कागदाआधी काय विचारावे?

घाबरून शस्त्रक्रिया टाळणे हा यातला सर्वांत वाईट पर्याय. साचलेले रक्त वेळेत काढले नाही, तर जीव जातो आणि थकलेल्या हृदयाच्या वृद्धाला पूर्ण भुलीपेक्षा स्थानिक भूल अनेकदा अधिक मानवते. विचारायचे ते एवढेच : शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ हजर असतील का? वजन आज मोजले का, की अंदाजे लिहिले? लिपिड इमल्शन जागेवर आहे का? आणि घरच्यांनी न विचारता सांगायच्या गोष्टी : आधी डोक्याचे हाड काढले होते का, झटक्यांचा त्रास आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, दाताच्या इंजेक्शनने पूर्वी काही झाले होते का. त्या वेळी नुसते छातीत धडधडले असेल, तर ते बहुधा अ‍ॅड्रेनलिनचे काम. या औषधांची खरी अ‍ॅलर्जी फार विरळा. तरी सांगावे.

काही विपरीत घडलेच, तर त्याची नोंद होणे महत्त्वाचे. औषधांच्या दुष्परिणामांची माहिती गोळा करणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून सुरू आहे आणि गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग तो चालवतो. वैद्यकीय महाविद्यालयांतील निरीक्षण केंद्रे त्याला माहिती पुरवतात, त्यामुळे जालन्याच्या नव्या महाविद्यालयावर हीही जबाबदारी येते. डॉक्टरच नव्हे, रुग्ण किंवा नातेवाईकही नोंद करू शकतात. त्यासाठीचा अर्ज मराठीतही आहे, टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. औषधाचे नाव, बॅच क्रमांक, किती मिलिलिटर दिले आणि किती मिनिटांनी काय झाले, एवढे टिपून ठेवले की अर्ज भरता येतो.